खाडीपलीकडे नेट चालू होतं

बायका जमल्या की किस्से आपोआप जमतात. एकीने एक सांगितला की दुसरीला तिचा आठवतो, आणि चहाचा कप हातातच गार होतो. आमच्या आळीत सध्या कुठलाही विषय काढा, गाडी "नेट बंद होतं तेव्हा" इथंच येऊन थांबते. सगळ्या हसतात. मीपण हसते, पण माझं हसणं मधेच अडकतं. का ते सांगते.

*

तालुक्याच्या गावात मिरवणुकीवरून दोन गटांत मारामारी झाली आणि अख्ख्या तालुक्याचं नेट बंद केलं. आमचं गाव तिथून तासभर लांब, खाडीच्या काठाला. मारामारी झाली हे आम्हाला दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरकडून कळलं! तेव्हा मी आणि शेजारची रेहानाभाभी एकाच ओट्यावर बसून सुकट निवडत होतो.

पहिल्या दिवशी जो तो आपल्याच फोनला दोष देत होता. आमच्या ह्यांनी मोबाईल तीनदा बंद-चालू केला, सिम काढून बनियनला पुसलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काय केलंस का याला?"

*

समोरच्या वंदनाची सायली. बारावीनंतर तिचा नर्सिंगला नंबर लागला, तोही सरकारी कॉलेजात. आळीतली पहिलीच पोर! पेढे वंदनाच्या आधी मीच वाटले.

आता एकच काम राहिलं होतं. मोबाईलवरून 'जागा मान्य आहे' असं कळवायचं. मुदत चार दिवस, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. नाही कळवलं तर जागा दुसऱ्या मुलीला. आणि त्या मुदतीच्या पहिल्याच दिवशी नेट गेलं.

वंदनाने मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "काही अडचण असल्यास वेबसाइटवर तक्रार नोंदवा."

"अगो बाई, वेबसाइट हीच अडचण हाय!"

*

रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं मशीन असतं. त्याला नेट लागतं. नेट नाही म्हणजे अंगठा नाही, अंगठा नाही म्हणजे तांदूळ नाही. आमच्या पार्वतीआजी काठी टेकत दोन दिवस गेल्या नि आल्या. तिसऱ्या दिवशी दुकानदार पुन्हा म्हणाला, "आजी, अंगठा घेत न्हाय."

आजीने हात त्याच्या नाकासमोर धरला. "माझा अंगठा इथंच हाय रे! सरकार कुठं गेलं ते बघ!"

दुकानातले सगळे हसले. आजी मात्र रिकामी पिशवी घेऊन घरी गेल्या. त्या दिवशी मी त्यांच्याकडे भात पाठवला, तर डब्यातला अर्धा तसाच परत आला. म्हणाल्या, "शेजाऱ्याचं पोटभर खायचं नसतं."

*

रेहानाभाभीचा नवरा कुवेतला. रोज दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. भाभी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि भाकऱ्या थापता थापता बोलते. दोन खोल्या पलीकडे बसावं तसं त्या दोघांचं चालतं. खिडकीतून मीही कधी कधी विचारते, "काय भाईजान, जेवलात का?"

नेट गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने साधा फोन केला. भाभीने सवयीने मोबाईल डब्याला टेकवला, ओढणी नीट केली आणि तो आपल्याला नीट बघू दे म्हणून दोन पावलं मागे सरली.

पलीकडून तो ओरडतोय, "हॅलो! हॅलो! तू हायस ना?"

ही चुलीपाशी उभी राहून नुसती हसतेय!

मी खिडकीतून ओरडले, "अगं भाभी, कानाला लाव!" तिने लावला, तोवर कट झाला. मग ती माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत बसली. मी खिडकीतून बाजूला झाले. माझ्या स्वभावात ते बसत नाही, पण झाले.

*

खाडीपलीकडे दुसरा तालुका. तिथे नेट चालू! आमच्या जेटीच्या टोकाला उभं राहिलं की पलीकडच्या टॉवरची एखादी काडी यायची. मग काय, सगळं गाव जेटीवर, हात वर करून! सायलीपण तिथे दोन दिवस उभी होती. कॉलेजचं बोधचिन्ह यायचं, गोल गोल फिरायचं, फॉर्म काही उघडायचा नाही.

तेवढ्यात हवालदार आले. "जमाव करू नका! जमावबंदी आहे!"

कुणीतरी म्हणालं, "साहेब, जमाव न्हाय ओ, रेंज शोधतोय."

"मग एकेकट्याने शोधा!"

सगळ्यांना हाकललं. मी वळून बघितलं, तर जेटीच्या टोकाला हवालदार एकटे उभे. हात वर!

*

आता हा किस्सा. हा मी चहाला बसल्यावर सांगत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी वंदना आणि सायली पिशवी घेऊन निघाल्या. नऊच्या होडीने पलीकडे जायचं, पाच मिनिटांचं काम, लगेच परत. मी दारात उभी होतेच. "कुठं गं निघालात?"

वंदनाने सांगितलं. सायलीच्या बापाला ताप होता, त्याला एकटं टाकून जायचं वंदनाच्या जिवावर आलं होतं.

मी म्हटलं, "मग कशाला जाता? दुपारी दोनला नेट चालू होतंय. हवालदारांच्या बायकोने सांगितलंय मला."

खरं म्हणजे ती "होईल वाटतं" एवढंच म्हणाली होती. 'वाटतं' मी गाळलं. अर्धीकच्ची खबर द्यायला मला कमीपणा वाटतो.

दोघी माझ्या शब्दावर घरात परतल्या.

दोन वाजले. अडीच वाजले. तीनला दोघी धावत जेटीवर गेल्या, मागून मी. ओहोटी लागलेली, होडी चिखलात बसलेली. पाणी चढायला सहा वाजणार, आणि रस्त्याने वळसा घालायचा तर तीन तास. पलीकडच्या टपरीवर कुणीतरी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं, तेसुद्धा दिसत होतं!

होडीवाला म्हणाला, "ताई, पाण्याला मुदत कळत न्हाय."

वंदना सायलीचा हात धरून माझ्याकडे न बघता घराकडे चालू लागली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

*

सहाव्या दिवशी सकाळी सगळ्या आळीचे फोन एकदम वाजायला लागले. गावाच्या ग्रुपवर तहसील ऑफिसातून आलेला पहिलाच मेसेज: 'नेट सेवा बंद राहील, नागरिकांनी नोंद घ्यावी.' पाच दिवसांपूर्वी पाठवलेला!

सायलीच्या फोनवर वेगळा मेसेज होता: 'आपण जागा नाकारल्याची नोंद घेण्यात आली आहे.'

ती मोबाईल घेऊन माझ्याकडेच आली. "काकी, मी कधी नाकारली ओ?"

*

मग पोरीने माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला. मोत्यासारखं अक्षर. नेट बंद करायचा आदेश कोणी काढला? कारण काय? आमच्या गावात काय घडलं होतं? आदेश लोकांना कसा कळवला? सगळा मला वाचून दाखवला आणि म्हणाली, "काकी, तुम्हाला काय विचारायचंय का?"

विचारायचं होतं, पण ते ऑफिसाला नव्हे. "न्हाय गं. बरोबर हाय सगळं," म्हटलं.

महिन्याभराने पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. अर्धी आळी वंदनाच्या ओट्यावर. पार्वतीआजींना पुढे जागा करून दिली. रेहानाभाभी पिठाच्या हाताने तशीच आली. मी मागे, खांबाला टेकून.

सायलीने पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं, "आपण मागितलेली सर्व माहिती आमच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. कृपया तेथे पाहावी."

"म्हणजे मोबाईलवर ना?" वंदना म्हणाली. "मग बघ की!"

सायलीने पत्राची घडी घातली.

"आई, सकाळपासून नेट बंद हाय."