नळीवरचं चाक
पारोळ्याच्या रस्त्याला ठिबकखाली भिजलेल्या मातीचा वास आला, की मला आमच्या वॉर्डात आलेला एक केळीचा बागायतदार आठवतो. त्याच्या धाकट्या भावाच्या पायातला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता, साध्या औषधांना दाद देत नव्हता. डॉक्टरांनी जहाल अँटिबायोटिक सलाइनमधून, चांगला दीड तास लावून द्यायला सांगितलं होतं. मी थेंब मोजून नळीवरचं वेगाचं चाक लावलं आणि शेजारच्या खाटेकडे वळले. दहा मिनिटांतच धाकटा मान खाजवत ओरडला. चेहरा, मान, छाती लालबुंद, आणि बाटली अर्धी रिकामी! मी सलाइन बंद केलं, डॉक्टरांना हाक मारली, रक्तदाब पाहिला. थोरला खाली मान घालून म्हणाला, "चाक मीच फिरायं सिस्टर, लवकर सरी जाई म्हनीसन." औषध लवकर संपवायची घाई! मी भडकलेच. "भाऊ, केळीला महिन्याचं खत एका तासात सोडता का?" तो दचकला. "नही ना, मुळ्या जळी जातीन!" "आणि हा तर तुमचा सख्खा भाऊ!" औषध भराभर गेल्यामुळेच अंग लाल झालं, असं डॉक्टर म्हणाले आणि लाली ओसरल्यावर त्यांनी तेच औषध आणखी हळू सुरू केलं. पुढचे सगळे डोस थोरला बाटलीखाली राखणीला बसला; भेटायला आलेल्या कुणाचा हात नुसता वर गेला तरी गरजायचा. शेवटच्या डोसनंतर धाकटा स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत चालत गेला, आणि मागून थोरला असा छाती फुगवून, जणू अख्खी बाग त्यानेच जगवली. आता नव्या मुलींना सलाइनचा वेग शिकवताना मी पुस्तक उघडतच नाही. चाकावर बोट ठेवते आणि त्याच्याच आवाजात गरजते, "मुळ्या जळी जातीन!"