धुक्याची माफी

पंचबोल पॉइंटला जीप थांबली की मामा आधी स्वतः उतरायचे. कठड्यापर्यंत जायचे, दरीत डोकावायचे. खाली पांढऱ्या धुक्याशिवाय काही नसलं की मागे वळायचे, दोन्ही हातांनी आपल्याच कानाच्या पाळ्या धरायचे आणि प्रवाशांना म्हणायचे, "चुकलं जी. माहंच चुकलं. आज काई दिसत नाई."

धुकं जसं काही ते सकाळी उठून स्वतः पसरवून आले होते.

तुम्ही पावसाळ्यात चिखलदऱ्याला गेला असाल तर तुम्हालाही ही माफी मिळाली असेल. परतवाड्याच्या स्टँडवरून सीटवर चालणारी जीप, पुढच्या काचेवर लिंबू-मिरची, आणि खाकी शर्टाचं वरचं बटण लावलेला, पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर. जीप दुसऱ्याची होती, मामा नुसते चालवायचे. गाडीत पर्यटक असले तर त्यांना चिखलदऱ्याच्या स्टँडवर सोडण्याआधी एखादा पॉइंट फुकट दाखवून आणायचे, आणि त्या डिझेलबद्दल संध्याकाळी मालकापुढे पुन्हा कान धरायचे.

मी चहापत्ती विकतो. अमरावतीहून निघायचं, चांदूर बाजार करायचं, अचलपूरच्या टपऱ्या करायच्या, परतवाड्यात जेवायचं आणि मग खोकी घेऊन वर चिखलदऱ्याच्या हॉटेलांकडे, अशी माझी फेरी. लोक तिथे पावसाळ्यात दोन दिवस जातात आणि फोटो काढून येतात. मी बाराही महिने जातो, कारण चहा बाराही महिने लागतो. त्यामुळे मामांच्या शेजारची पुढची सीट जवळपास माझ्या मालकीची झाली होती. मामा मला "पत्तीवाले भाऊ" म्हणत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

बाराही महिने जाणाऱ्या माणसालाच कळतं की मामांची माफीही बाराही महिने चाले. पावसाळ्यात धुक्याची. हिवाळ्यात आभाळ लख्ख, पार खालच्या वावरांपर्यंत दिसायचं, तर तेव्हा थंडीची. "काल दव गोठलं होतं गवतावर, पांढरंफट. तुमी आज आले. चुकलं जी." उन्हाळ्यात भीमकुंडाशी उभं राहून ते लोकांना सांगायचे की भीमानं कीचकाला मारून इथेच हात धुतले. मग कुंडाकडे बघायचे. धबधबा आटलेला, नुसते तापलेले दगड. "आता तं हात धुवापुरतंबी धड पानी नाई. चुकलं जी," असं म्हणून खिशातून मूठभर टेंभरं, म्हणजे तेंदूची पिकली फळं, काढून प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे. ही नुकसानभरपाई.

एकदा फाल्गुनात मात्र पंचाईत झाली. घाटात पळस फुललेला, हवा गोड, आकाश स्वच्छ, आणि गाडीतली मंडळी इतकी खूश की कुणी तक्रारच करेना. मामांना चैन पडेना. आरशातून सारखे मागे बघत होते. शेवटी एका बाईंना वळणावर उलटी झाली आणि मामांचा जीव भांड्यात पडला. गाडी बाजूला घेऊन, बाटलीतलं पाणी पुढे करून म्हणाले, "चुकलं जी, वळन जोरात घेतलं मी." वळण बैलगाडीच्या चालीनं घेतलं होतं.

मला या गोष्टीची गंमत वाटे, आणि रागही येई. मी एकदा विचारलंच, "मामा, तुमी काहून माफी मागता? धुकं काय तुमी आनलं?"

"धुकं नाई आनलं," मामा म्हणाले. "पन या लोकाइले तं मीच आनलं ना. कोनी अकोल्याहून येते, कोनी दर्यापूरहून येते. इतक्या दुरून आले अन् काई दिसलं नाई तं कोनाले बोलतीन? देवाले बोलतीन, नाई तं घरच्या बाईले बोलतीन. त्यापरीस मले बोलले तं बरं."

यावर मी हसलो. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा उपयोग व्हायचा. एखादं खोकं भिजलं, हॉटेलवाला कुरकुरला, की मी मामांकडे बोट करायचो आणि मामा लगेच कान धरायचे. असा एक माणूस हाताशी असला की आपण किती हलके होतो, ते सवय झाल्यावर लक्षातही येत नाही.

भादव्यातली दुपार होती. जीप घाटात मोथा गावाच्या अलीकडे चढत होती. धुकं इतकं की वायपरच्या पुढचं दिसेना. मामा प्रत्येक वळणाला हॉर्न देत होते. एका वळणावर वरून मोटरसायकलचा आवाज आला, तसे मामांनी जीप डोंगराच्या कडेला दाबली आणि उभी केली. उभी केली, हे मी मुद्दाम पुन्हा लिहितो. इंजिन चालू होतं, चाकं थांबलेली होती. धुक्यातून मोटरसायकल आली ती सरळ आमच्या बाजूनं. पोराचा एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात मोबाईल वर धरलेला, धुक्याचा व्हिडिओ चालू. आम्हाला पाहून त्यानं ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि आमच्या बंपरखाली येऊन थांबली. पोराला खरचटलं. मागे बसलेल्या मुलीचा पाय खाली सापडला.

मामांनी तिला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं आणि जीप वळवली. वर जाणारे प्रवासी आपणहून उतरले. मुलीच्या हातात हिरवा चुडा होता, मेंदी अजून पुरती गेली नव्हती. नवरा तिचं डोकं मांडीवर घेऊन एकच वाक्य घोकत होता, "आता तुह्या बाबाले काय सांगू?" घाट उतरेपर्यंत सगळं कळलं. दोघं अकोल्याची. लग्न स्वतःच्या पसंतीनं केलेलं. बापाचा एकच आक्षेप होता, की पोरगा बेफिकीर आहे, माझ्या लेकीला कुठेतरी पाडेल. मोठ्या मुश्किलीनं त्यानं होकार दिला होता, तोही बजावून, की असं काही कानावर आलं तर पोरीला घरी घेऊन येईन.

ती मुलगी वेदनेनं पांढरी पडली होती, पण अर्धवट उठून, पुढे वाकून तिनं मामांच्या खांद्याला हात लावला. "मामा, माह्या बाबाले नोका सांगू."

मामांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. वळण आलं, त्यांनी हॉर्न दिला.

परतवाड्याच्या दवाखान्यातून घरी फोन गेला, आणि संध्याकाळी तिचे वडील तिथे पोचले. उंच, करडा माणूस, चपलांना प्रवासाचा चिखल. मुलीच्या पायाचं प्लास्टर पाहिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जावयाकडे वळले. "मी काय म्हनलं होतं तुमाले?" एवढंच म्हणाले. जावई फरशीकडे बघत उभा. मुलीनं डोळे मिटून घेतले. शेजारी एक हवालदार कागद घेऊन बसलेला होता, त्यानं विचारलं, "बोला, कसं झालं?"

मी पुढे झालो. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. तेवढ्यात मामांनी माझा हात दाबला.

"पत्तीवाले भाऊ," ते म्हणाले, "पाव्हने दुरून आले. तुमी जरा चा घेऊन या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की जणू मी गेलो तर त्यांच्यावर मोठे उपकार होतील. आणि मी गेलो. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर उभा राहून, माझीच पत्ती उकळताना बघत, मी मनाशी म्हणत होतो की परत गेलो की सांगतो, चहा झाला की सांगतो. दारातून मला मामांची पाठ दिसत होती. त्यांचे दोन्ही हात वर गेले, कानांशी. काय बोलले ते ऐकू यायची गरज नव्हती.

मी चहा घेऊन आलो तेव्हा हवालदाराचं लिहून झालं होतं. मुलीच्या वडिलांनी मामांना जे बोलायचं ते बोलून घेतलं होतं, आणि जावयाच्या पाठीवर हात ठेवून त्याला कुठे लागलं ते विचारत होते. हवालदारानं मला विचारलं, "तुमी पुढंच बसले होते ना?" मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, डुलकी लागली होती." मामांनी ग्लास घेतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "पत्ती चांगली हाये."

धुक्याबद्दल माफी मागणाऱ्या माणसाला लोक हसतात, टेंभरं खातात आणि विसरतात. ही माफी मात्र कागदावर गेली होती. मामांचं लायसन अडकलं. मालकानं जीपची किल्ली काढून घेतली, आणि स्वतःच्या तोंडानं चूक कबूल केलेल्या ड्रायव्हरला परतवाड्यात दुसऱ्या कुणी गाडी देईना. मी मालकाकडे गेलो होतो, खरं काय ते सांगायला. तो म्हणाला, "मंग त्या दिवशी काहून नाई बोलले?" मी आल्या पावली परत फिरलो. नंतर कळलं की मामा अकोल्याला लेकीकडे राहायला गेले.

ती मंडळी मला पुन्हा दिसली, हिवाळ्यात, चिखलदऱ्याला, रबडीच्या दुकानापुढे. मी आत पत्तीचं खोकं देत होतो. मुलगी किंचित लंगडत होती, पण चालत होती. वडील सोबत होते. जावयाच्या हातात त्यांनी स्वतः रबडीची वाटी दिली, तेव्हा माझ्या जिवाला बरं वाटलं. मग जावई कुणा सोबतच्या माणसाला घाटाकडे हात करून सांगू लागला, "तिथंच झालं पाहा. तो डायवर तं आंधळाच होता, सरळ अंगावर घातली त्यानं." तो खोटं बोलत होता असंही मला वाटलं नाही. सांगून सांगून त्याचं ते खरं झालं होतं. सासरे मान हलवत होते.

मुलीनं मला पाहिलं. ओळखलंही. तिनं हातातली वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "चाला आता, थंडी वाजून राहिली." मी खोक्याची दोरी पुन्हा पुन्हा सोडत आणि बांधत राहिलो. ती मंडळी निघून जाईपर्यंत मला बाहेर यायला जमलं नाही.

त्यानंतर मला अकोल्याला जावंच लागलं. अमरावतीहून अकोला काही परदेश नाही, पण मी वैशाखापर्यंत टाळत आलो होतो. भर दुपारी पोचलो. मामा लेकीच्या घरी पुढच्या खोलीत कूलरसमोर बसले होते, अंगात तोच खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं. मला पाहून उठले, घामानं निथळणाऱ्या माझ्याकडे बघितलं आणि कान धरले. "चुकलं जी, अकोल्याचं ऊनच असं हाये."

मला हसू आलं आणि रडूही आलं. लेकीनं पन्हं आणून दिलं. मामांनी वरची सगळी चौकशी केली. पळस फुलला होता का, टेंभरं आली का, भीमकुंडाला पाणी किती होतं. ज्यासाठी त्यांचा जीव अडकला होता ते अगदी शेवटी विचारलं. "ते पोरगी चालते का हो?"

"चालते, मामा. चिखलदऱ्याला आली होती. बापबी संगं होता. जावयाले रबडी चारून राहिला होता."

"चारून राहिला होता?" मामांचा चेहरा उजळला. "बस मंग. झालं." मग हळूच म्हणाले, "माह्याबद्दल काई म्हनत होते का?"

"तुमची आठवन काढली त्याइनं," मी म्हणालो.

मामा लाजल्यासारखे हसले. माझ्याकडे बघता बघता त्यांना काहीतरी आठवलं, आणि त्यांचा हात पुन्हा कानाशी गेला. "पत्तीवाले भाऊ, त्या दिवशी तुमाले मी चा आनाले पाठवलं. तुमाले खोटं बोला लागलं माह्यापायी. मोठा तरास दिला तुमाले. चुकलं जी."

त्या दिवसाबद्दल माझी माफी मागणारा या जगात तो एकच माणूस होता. मी पन्ह्याचा ग्लास तोंडाला लावला, कारण तोंडाला काहीतरी लावून ठेवणं भाग होतं. येताना पाया पडलो. तेव्हाही म्हणायचं ते म्हणालो नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी लेकीचा फोन आला की मामा गेले, झोपेतच गेले, कुणाला काही त्रास दिला नाही.

परवा पुन्हा वर गेलो होतो. ड्रायव्हर नवा, तरणाबांड, गाडीत नागपूरचं एक कुटुंब. त्यांच्या आग्रहावरून त्यानं पंचबोलला जीप थांबवली. खाली सगळं पांढरं. गाडीतले गृहस्थ चिडले, इतक्या लांबून आलो आणि काही दिसत नाही म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, "मंग मी काय करू? धुकं काय मी आनलं?" त्याचं बरोबरच होतं. गृहस्थांनी राग बायकोवर काढला, की इथे यायची हौस तुलाच होती. ती बिचारी कठड्याशी जाऊन दरीकडे तोंड करून उभी राहिली.

मी खाली उतरलो. कसे वर गेले मला कळलं नाही, पण माझे हात कानाशी होते.

"चुकलं जी," मी म्हणालो. "माहंच चुकलं."

गृहस्थ हसले, त्यांचा राग तिथल्या तिथे गेला. ती बाई मात्र माझ्याकडे वळून बघत राहिली. म्हणाली, "काका, तुमचं काय चुकलं?"

मामांना हे कधी कुठल्या प्रवाशानं विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं, मग दरीकडे पाहिलं. सांगायला तोंड उघडलं.

"तुम्ही थांबा इथंच," मी म्हणालो. "मी चहा घेऊन येतो."