डीकन पेटेंगिलची साक्ष

अल्वा पेटेंगिल घोड्यांचे साज शिवायचा. ब्रॅकेट फॉल्समध्ये त्याच्यापेक्षा चांगला साज करणारे आणखी दोघं होते, पण त्याच्याइतका खऱ्या तोंडाचा माणूस नव्हता. तो चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याच्या खालोखाल मानाचा माणूस. कुणाची गाय कुणाच्या कुरणात शिरली, लिलावात आधी बोली कुणी लावली, असले तंटे घेऊन लोक त्याच्याच दुकानात यायचे आणि "डीकन म्हणतील ते" म्हणून उठायचे. ह्या मानाची त्याला सवय झाली होती. खरं तर थोडी चटकच लागली होती.

१८८० च्या वसंतात गिरणीमालकानं पगारी खेळाडू आणून बेसबॉलचा संघ उभा केला, तेव्हा डीकननं नाक मुरडलं. धडधाकट माणसांनी चेंडूमागं पळायचं आणि वर पगार घ्यायचा, हे त्याला पटेना. मग एका गिऱ्हाइकानं एका शनिवारी त्याला ओढून नेलं, आणि त्यानंतर त्याचा एकही सामना चुकला नाही. आधी हरणारा संघ जूनमध्ये जिंकू लागला, ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या वर गेला. गिरणीतल्या बाया मागापाशी उभ्या राहून खेळाडूंच्या नकला करायच्या. डीकन मैदानाच्या कडेच्या दोरीला टेकून घसा बसेपर्यंत ओरडायचा.

"अहो, स्तोत्र म्हणताना तुमचा आवाज फुटत नाही, आणि तिथं बरा फुटतो!" त्याची बायको लव्हिनिया म्हणायची.

शेवटचा सामना पोर्टर्सव्हिलशी होता. जो जिंकेल तो विजेता. शेवटच्या डावात आपल्याकडं एकच धाव जास्त, पोर्टर्सव्हिलचे दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की सामना आपला, पण त्यांचे दोघं धावायच्या तयारीत. फलंदाजीला आला कॉर्नीलियस शीहन, लाल केसांचा, आडव्या खांद्यांचा. त्यानं चेंडू असा हाणला की तो सपाट, खाली घसरत थेट डीकनच्या दिशेनं आला. आपला ड्वायर धावत आला, पुढं झेपावला, आणि पालथा पडूनच त्यानं चेंडू वर धरून दाखवला.

"झेल! झेल!" गाव ओरडलं.

"टप्पा पडलाय!" शीहन धावता धावता ओरडला.

अंपायर एकटाच, तोही पार तिकडच्या टोकाला उभा. त्याला काही दिसलं नव्हतं. असं झालं की एखाद्या भरवशाच्या प्रेक्षकाला विचारायची तेव्हा मुभा होती. तो दोरीपाशी आला आणि म्हणाला, "इथं कुणी पाहिलंय का?"

"डीकनना विचारा!" शंभर गळे एकदम म्हणाले. "डीकन खोटं बोलायचे नाहीत!"

डीकननं पाहिलं होतं. त्याच्यापासून चार हातांवर चेंडू जमिनीला लागला होता, तिथून मुठीएवढी धूळ उडाली होती, आणि मगच तो ड्वायरच्या हातात गेला होता.

"काय डीकन? झेल की टप्पा?"

सगळं मैदान त्याच्याकडं बघत होतं.

"झेल," डीकन म्हणाला.

पुढं काय झालं ते त्याला नीट आठवत नसे. कुणीतरी त्याला खांद्यावर उचललं होतं. एवढंच आठवायचं, की शीहन दोरीपर्यंत आला होता आणि रडवेल्या आवाजात म्हणाला होता, "म्हाताऱ्या, तू बघितलंस! तुझ्या नाकासमोर टप्पा पडला! खोटारडा!" दोघांनी त्याला ढकलत बाहेर नेलं.

ड्वायर नंतर दुकानात आला, दार लावून घेऊन हसला. "मला वाटलं होतं, तुम्ही घोटाळा करणार. पण तुम्ही तर आपले निघालात, डीकन!" त्यानं डोळा मारला. डीकनच्या हातातला टोच्या चामड्यातून आरपार गेला.

मग बातमी आली. चर्चच्या डीकनला भर मैदानात खोटारडा म्हटलं म्हणून शीहनला त्याच्या संघानं काढून टाकलं. दुसरा कुठलाही संघ त्याला घेईना. दुकानात एक गिऱ्हाईक हे वर्तमानपत्रातून मोठ्यानं वाचत होतं आणि हसत होतं. "बरं झालं, मस्ती उतरली!"

त्या दिवशी डीकननं बीन्स आणि काळा पाव तसाच बाजूला सारला. त्यानं लव्हिनियाला सगळं सांगितलं. तिनं ताट उचलून ठेवलं. मग म्हणाली, "मेजवानीत सांगून टाका. सगळे तिथंच असतील."

नगरगृहात विजयाची मेजवानी होती, कालवांचा रस्सा आणि भाषणं. डीकनला बोलायला उठवलं. तो म्हणाला, "तो झेल नव्हता. टप्पा पडला होता. मी बघितलं होतं."

 मग कर्णधार खो खो हसत सुटला. "बघा रे! डीकनसुद्धा चेष्टा करायला शिकले!" माणसं चमचे आपटू लागली, कुणी डोळे पुसू लागलं. ड्वायर सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. तेच वाक्य डीकननं पुन्हा म्हणायला हवं होतं. तो खाली बसला.

पहिल्या वेळी शब्द तोंडातून निसटला होता, असं तो मनाला समजावू शकत होता. ह्या वेळी तेही समजावता येईना.

फेब्रुवारीत तो गाडीनं पोर्टर्सव्हिलला गेला. शीहन घरीच, चुलीपाशी बसून बुटांना तळ ठोकत होता. त्याची बहीण नोरा कपडे पिळत होती.

"तुम्ही?" शीहन उठला नाही.

"तुम्ही खरं बोलत होतात. टप्पा पडला होता. मी खोटं बोललो."

शीहननं तोंडातला खिळा काढला. "सबंध जगात हे सांगायची गरज नसलेला एकच माणूस आहे, डीकन, आणि तुम्ही नेमके त्याच्याकडं आलात."

"मला माफी..."

"माफीचं राहू द्या," नोरा म्हणाली. "खाली गुत्त्यात आमचा थोरला भाऊ बसलाय. ह्यानं घराण्याच्या तोंडाला काळं फासलं म्हणून तो ह्याच्याशी बोलत नाही. त्याला सांगा."

डीकननं उभ्या जन्मात गुत्त्याची पायरी चढली नव्हती. तो आत गेला, टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. कुणी हसलं नाही. थोरला शीहन त्याच्याकडं बघत राहिला. "आणि हे आज सांगताय? सगळे संघ भरल्यावर?"

डीकननं टोपी घातली आणि तो बाहेर पडला.

पुढच्या रविवारी त्यानं चर्चमध्ये उभं राहून तेच सांगितलं आणि डीकनपद सोडलं. आता मात्र गावानं विश्वास ठेवला, आणि गाव चिडलं. "आमचा विजेतेपदाचा झेंडा उतरवायला निघालाय," म्हणत निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. झेंडा काही कुणी उतरवला नाही. शीहनही मैदानावर परतला नाही. तो बूटच करत राहिला. फक्त भाऊ त्याच्याशी बोलू लागला, असं कानावर आलं.

"हलकं वाटतं का आता?" लव्हिनियानं एकदा विचारलं.

"नाही," अल्वा म्हणाला.

तो पुन्हा मैदानावर गेला नाही. पण शनिवारी वारा तिकडून आला, की ओरडा दुकानापर्यंत पोचायचा. त्याचा हात थांबायचा. आवाजावरून त्याला कळायचं, आपण जिंकतोय. छाती आनंदानं भरून यायची, अगदी पूर्वीसारखी, आणि मग लाजेनं त्याचे कान तापायचे.