प्रश्न चौदावा: दवाखाना बंद झाला तर?

सर्व्हेच्या फॉर्ममध्ये सगळ्याला रकाना असतो, किश्शांना मात्र नसतो. मग ते समासात साठत जातात. माझ्या फॉर्मांचे समास बघून पुण्याच्या नंदिनी मॅडम म्हणाल्या, "अहो, उत्तरांपेक्षा हेच जास्त आहे!"

काम सांगायला साधं होतं. भोर-वेल्ह्यातले पेशंट कुठल्या दवाखान्यात जातात, कुणाची कुणाशी स्पर्धा आहे, आणि छोटे दवाखाने एकेक करत एकाच मालकाच्या हातात चाललेत का, हे मोजायचं. मॅडम अर्थशास्त्राच्या. मी भोरची, शिकवण्या घेणारी. तिसरे बबनराव, एसटीचे रिटायर्ड कंडक्टर, गावं दाखवायला घेतलेले.

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी लॅपटॉपवर भोरभोवती एक मोठं वर्तुळ काढलं. "हा आपला बाजार. या वर्तुळातली माणसं भोरला येतात असं धरू."

बबनराव चष्मा वर करून बघत राहिले. "मॅडम, तुमचं वर्तुळ भाटघर धरणाच्या पान्यावरनं चालत गेलंय. मानसाला वळसा घालून यावं लागतं!"

मग त्यांनी डोळे मिटले आणि एकेक गाव घेत सांगायला सुरुवात केली. कुठल्या गावचा आजारी माणूस कुठल्या स्टॉपला उतरतो, बाळंतपणाला कोण कुठं जातं, हाड मोडलं तर कुठं. "तिकिटं फाडताना तोंडं बगितल्यात म्या. ताप आल्याला मानूस खिडकी लावून बसतो."

मी ती यादी उतरवून घेतली. पुढे गावोगाव फिरून आम्ही फॉर्म भरले, मॅडमनी त्यावरून नकाशा केला आणि यादीशेजारी ठेवला. सगळी गावं जुळली! मॅडमनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "बबनराव, याच्यासाठी मी पीएचडी केली हो."

"मग वाया कुठं गेली? माजं बरोबर हाय, हे आज कळलं की!"

*

वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत हौसाबाई राहतात. सत्तरी उलटलेली. दुखलं-खुपलं की कापूरहोळला गाडी बदलून थेट भोरला, गुजर डॉक्टरांकडे. वाटेत पाच-सात दवाखाने लागतात, तिकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मी फॉर्ममधलं वाचलं, "आजी, गुजर डॉक्टरच का? जवळ आहेत? स्वस्त आहेत? सोयी आहेत? ओळख आहे?"

"हाताला गुन हाय त्येंच्या."

मॅडम म्हणाल्या, "पण आजी, गोळी तर सगळे तीच देतात ना?"

"व्हय, गोळी तीच. पन दुसऱ्यानं दिली की ताप उतरत न्हाई."

"मग हा गुण मोजायचा कसा?"

"मोजायचा कशापायी? मी जित्ती हाय न्हवं!"

मॅडमनी त्या रात्रीच फॉर्ममध्ये पाचवा पर्याय घातला, 'हाताला गुण'. शेवटी सगळ्यात जास्त खुणा त्याच रकान्यात पडल्या.

*

हायवेला ओळीनं तीन हॉस्पिटलं. तीन नावं, तीन रंगांचे बोर्ड. मी इमानदारीत लिहिलं, 'स्पर्धक तीन.' मॅडमना काहीतरी संशय होता, पण पंधरा दिवस कागदपत्रं चाळून हाती काही लागत नव्हतं.

बबनराव समोरच्या टपरीवर चहाला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. "मॅडम, ही तीन न्हाईत. एकच हाय."

"कशावरून?"

"चादरीवरनं! एकच टेम्पो तिन्हीकडच्या मळक्या चादरी गोळा करतो. तिन्हीकडच्या चादरीवर शिक्का एकाच मालकाचा."

मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं. पेशंट जितक्या कमी हातांत, तितका मॅडमचा मक्तेदारीचा आकडा मोठा, आणि आकडा मोठा म्हणजे माणसाला निवड कमी. मी तीनचा एक केला. एवढ्याशा खाडाखोडीनं मॅडमच्या स्क्रीनवर तो आकडा टुणकन वर उडाला, आणि मला खरंच भीती वाटली.

*

आता भोरचे दोन डॉक्टर. गुजर आणि केतकर. एका कॉलेजात, एका वर्गात शिकलेले, दवाखाने रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर. एकाच्या रस्त्यावर पुढे आलेल्या नव्या बोर्डामुळे दुसऱ्याचा बोर्ड लांबून दिसेनासा झाला, तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं बंद.

'तुमचे मुख्य स्पर्धक कोण?' गुजर डॉक्टरांनी मान न वळवता खिडकीकडे बोट केलं. केतकरांनीही तेच केलं!

"स्पर्धा कशा प्रकारे करता?"

केतकर म्हणाले, "पूर्वी आम्ही दोघं नऊला उघडायचो. तो साडेआठला उघडायला लागला, म्हणून मी आठला. आता तो सातला उघडतो, म्हणून मी पावणेसातला."

दोन म्हाताऱ्यांच्या भांडणामुळे अख्ख्या तालुक्याला सकाळी पावणेसातला डॉक्टर मिळतो! मॅडम बाहेर येऊन पायरीवरच बसल्या. "पुस्तकात वाचली होती अशी स्पर्धा. डोळ्यांनी आज बघितली."

पण त्याच आठवड्यात हायवेवाल्या मालकाचा माणूस दोघांकडेही येऊन गेला. गुजर डॉक्टरांचे गुडघे गेले होते, मुलगी परदेशात. ते विकायला तयार झाले. हे कळल्यावर केतकर म्हणाले, "मग मीही देऊन टाकतो. एकट्यानं लवकर उठून काय करू?"

दोन्ही बोर्ड उतरले असते, तर भोरचं उत्तरही 'एक'च झालं असतं. मला हौसाबाई आठवल्या.

*

फॉर्ममधला चौदावा प्रश्न असा: 'तुमचा दवाखाना बंद झाला, तर तुम्ही कुठे जाल?' हा सगळ्यांना विचारायचा ठरीव प्रश्न. हौसाबाईंच्या वाडीत तो मी गुजर डॉक्टरांचं काही कळायच्या आधीच घरोघर विचारून आले होते. विचारलेल्याचा काय अर्थ निघेल, हे ना मला सुचलं, ना मॅडमना.

सोमवारी सकाळी आम्ही गुजर डॉक्टरांसमोर बसलो होतो. ते सांगत होते, "लिहा, मालकी बदलणार. उद्या सह्या आहेत." तेवढ्यात बाहेर गलका झाला. वेल्ह्याकडची माणसं आली होती, अख्खी वाडी! पायऱ्यांवर, ओट्यावर, रस्त्यापर्यंत माणसंच माणसं.

डॉक्टर घाबरले. "साथ आली का काय? काय होतंय तुम्हाला?"

"काय न्हाई," सगळे म्हणाले.

हौसाबाई पुढे आल्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्या बाईनं इचारलं, तुमचे डाक्टर बंद झाले तर कुठं जाशीला? म्या म्हनलं, इचारून सांगते. तवा तुमीच सांगा डाक्टर, आमी कुठं जायाचं?"

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. मग उठले, हौसाबाईंचा हात धरला आणि लंगडत लंगडत रस्ता ओलांडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते केतकरांच्या पायऱ्या चढले. मागे अख्खी वाडी, तिच्या मागे आम्ही.

केतकर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"या आजी आता तुझ्याकडे. यांना सल्फाची गोळी चालत नाही," गुजर म्हणाले. "लिहून घे."

केतकरांनी पेन उचललंच नाही. हौसाबाईंकडे बघितलं, दारातल्या गर्दीकडे बघितलं, मग गुजरांकडे.

"मी उद्या पावणेसातला उघडतोय," ते म्हणाले. "तू?"

गुजर डॉक्टरांनी हौसाबाईंचा हात सोडला नव्हता.

"साडेसहाला."