रुमालाखालचे पाच कोटी

“अप्पांनी मध्येच रुमाल घातला नसता, तर पोरीच्या कंपनीला बंगळुरूचे पैसे मिळाले असते.”

नांदेडला दिलेली माझी थोरली मुलगी हे वाक्य प्रत्येक लग्नकार्यात ऐकवते आणि ऐकणारे माझ्याकडे पाहून हसतात. पैसे गुंतवू पाहणारे बंगळुरूचे पाहुणे नांदेडला उतरले, हिच्याकडे चहा पिऊन मोटारीने लातूरला आले आणि ही मागे नांदेडलाच राहिली, हे मात्र ती सांगत नाही. जे घडले ते माझ्या बैठकीत घडले. म्हणून ते मीच लिहितो.

कंपनी माझ्या नातीची. मूठभर तुरीचा मोबाइलवर फोटो काढला, की तिच्यातून डाळ किती उतरेल हे तिचे ॲप सांगे. लातूरच्या बाजारात मी आयुष्यभर आडत केली. हेच काम माझी बोटे आणि दात करीत. ॲप खरे सांगते, हे मी स्वतः पारखून पाहिले होते. बाहेरचे पैसे आले नाहीत तर दिवाळीपर्यंत कंपनी बंद करावी लागेल, असे नातीने मला सांगून ठेवले होते.

पाहुणे दोघे होते.

“नफा किती धरलाय?” मी विचारले.

“नफा आत्ता नकोच, अंकल. आधी वाढ पाहिजे.”

“मग व्याज?”

“व्याज नाही. पैसे परतही करायचे नाहीत.”

मी नातीकडे वळलो. “अगं, मग हे काय दान करायलेत का?”

“कंपनीत हिस्सा घेतात, अप्पा. थांबा जरा.”

तोट्यातल्या धंद्याला कोटींची किंमत कशी येते, हे मला तेव्हा कळले नाही. पुढे एका जाणत्या सीएने दोनदा समजावले. दोन्ही वेळा मला निरनिराळे समजले. परंतु दारात शेजारी आणि मोटारीचा चालक उभे असताना भाव तोंडाने बोलू नये, एवढे मला कळत होते. आमच्या उमेदीत हातावर रुमाल टाकीत व त्याखाली बोटे धरीत. जितकी बोटे, तितका भाव. समोरच्याने हात दाबला की सौदा पक्का. मी खांद्यावरचा रुमाल थोरल्या पाहुण्याच्या हातावर टाकला आणि त्याची पाचही बोटे धरली. त्याने हसून माझा हात दाबला.

“पाच कोटी. पक्के!” मी जाहीर केले.

“अप्पा! काय करायलात? दोनाचं बोलणं चाललंय!”

पाहुण्याला वाटले होते, म्हातारा आशीर्वाद देतो आहे. उलगडा झाल्यावर दोघे हसले आणि मग पोटभर जेवले. चूक माझी होती, हे मी मान्य करतो. त्या चुकीने सौदा मोडला, हे मान्य करीत नाही.

दिवाळीआधी कंपनी बंद झाली, हे खरे आहे. नातीला विचारले तर ती “जाऊ द्या ना, अप्पा” म्हणते. त्यातून ती मला सोडवते की दोष देते, हे मला उमगत नाही. अखेर मी तिच्याकडून तो पत्रव्यवहार कागदावर छापून घेतला. भेटीनंतर चार दिवसांनी पाहुण्यांनी पूर्ण दोन कोटी देऊ केले होते. अट एकच: नातीने बिऱ्हाड बंगळुरूला हलवावे. तिने नकार का दिला, ते कुठेच लिहिलेले नाही. पण त्याखाली तिचे एका ओळीचे उत्तर आहे: मी लातूर सोडणार नाही.