बादली फिरवली की पाणी का सांडत नाही

मैत्रिणींनो, आज दुपारी लेकीला इथे कतारमध्ये, दोह्यातल्या थीम पार्कला नेलं. चौथीत आहे. शाळेने कागद दिला होता, पाळण्यांमागचं विज्ञान लिहून आणा म्हणून.

एका पाळण्यात माणसं गरकन उलटी होत होती, तरी पडत नव्हती. मी तिला म्हटलं, "गावी देवळाच्या विहिरीवर आम्ही भरलेली बादली अशीच डोक्यावरून गरगर फिरवायचो. वेग असला की थेंब सांडत नाही. हात मंदावला की अंघोळच."

ती म्हणाली, "आई, प्लीज. धिस इज सायन्स. आय विल आस्क बाबा."

हे वेस्ट बे भागातल्या ऑफिसातून परस्पर तिथे आले. त्यांनीही बादलीचंच उदाहरण दिलं, इंग्रजीत. तिने लगेच लिहून घेतलं.

मी म्हटलं, "अहो, हेच मी आत्ता सांगितलं होतं."

हसून म्हणाले, "मग उद्यापासून तूच जा ऑफिसला."

लेकही हसली.

कागदाखाली पालकांची सही हवी होती. ती मात्र माझ्याकडून घेतली. मीही केली.

देवाने अक्कल वाटताना कुणाची मार्कशीट मागितली नव्हती. आपल्याच घरात मात्र माझ्यासारख्या दहावी झालेलीला पुढचं शिक्षण विचारतात. तुमच्याकडेही असंच आहे का गं?