हसती माय

गुलमंडीजवळच्या वाचनालयाच्या भिंतीवर माझी माय टांगली होती आणि माणसं पोट धरून हसत होती.

गणपतीचे दिवस. शहरातल्या बड्या वकिलांच्या धाकट्या लेकानं काढलेली गमतीची चित्रं तिथं लावलेली. टांगेवाला, ढेरपोट्या सावकार, उभ्याउभ्या झोपलेला पोलीस. मधोमध माय. मी दारातच थबकले. मागून कुणीतरी म्हणालं, "कडेनं गं, कडेनं." मी कडेला झाले. सवयच होती.

चित्रात माय फतकल मारून बसलेली. तोंड पार कानापर्यंत फाटलेलं. पुढचे दोन दात नाहीत, तिथं काळं भगदाड. हनुवटीवरचं गोंदण एवढं मोठं की दाढीच वाटावी. एक हात मांडीवर आपटलेला. दुसऱ्या हातात तान्हं लेकरू, उलटं लोंबकळणारं. आणि त्या लेकरानं दोन बोटांनी आपलं नाक दाबून धरलेलं.

खाली वळणदार अक्षरात माझी कविता. कवितेवर नाव दिलेलं : 'मांगिणीचं काव्य'.

एक गृहस्थ ती मोठ्यानं वाचत होते. आमच्या बोलीला हेल काढून. ओळीओळीला हशा.

ती कविता मीच वकिलांच्या धाकट्याच्या हातात दिली होती. चित्र काढायला मीच सांगितलं होतं. पैसेही देऊन ठेवले होते.

माय सुईण होती. आम्ही मांग. शहरातल्या कितीतरी मोठ्या घरांतली लेकरं तिच्या हातावर जन्मली. बाळंतिणीच्या खोलीत तिला सगळं करू द्यायचे. नाळ कापू द्यायचे, लेकराला न्हाऊ घालू द्यायचे. काम झालं की तिच्या पाठोपाठ गोमूत्र शिंपडत यायचे. माय घरी येऊन त्याचीच नक्कल करायची. सासू नाकाला पदर कसा लावते, शिंपडताना आपल्याच पायावर कशी सांडते. आम्ही भावंडं गडाबडा लोळायचो. पण सगळ्यांच्या आधी मायच हसायची. डोळे मिटून, मांडीवर थाप मारून, लई मोठ्यानं.

"रडून त्यांचं काय जातंय?" म्हणायची. "आपुन हसलं की त्यांच्या पोटात दुखतंय."

मला तिनं मिशनच्या शाळेत घातलं. लोकांनी नावं ठेवली, तरी घातलं. मी शिकले आणि जनाना दवाखान्यात दाई म्हणून लागले. राज्य निजामाचं. दवाखान्याचं लिहिणं-बोलणं सगळं उर्दूत. मराठी उरली ती मायशी बोलण्यापुरती. मग मायच गेली. मनातलं बोलायला कुणी राहिलं नाही म्हणून मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

माझी माय हसली
की चुलीतला जाळ हसायचा.
गावाचं पयलं रडू तिच्या तळहातावर,
गावाचं पयलं न्हाणं तिच्या पायावर,
आन् लेकरू रडायचं थांबलं की
गाव तिला म्हणायचं,
सर लांब.
माय लांब सरायची. आन् हसायची.

एवढीच कविता. मायचा फोटो नव्हता. फोटोवाल्याच्या दुकानाची पायरी ती कधी चढली नाही. मला वाटलं, कवितेच्या वर तिचं चित्र पाहिजे. खोलीत लावीन. सकाळी उठले की दिसेल.

शहरात चित्रं काढणारे होते. पण ते देव काढायचे, राजे काढायचे. त्यांच्या चित्रात कुणी हसत नसायचं. वकिलांचा धाकटा तेवढा हसणारी माणसं काढायचा. साप्ताहिकात त्याची चित्रं यायची. ती बघून मीही हसले होते. आणि त्याचा जन्म मायच्याच हातावरचा. ह्याचा हात चुकणार नाही, असं वाटलं मला.

त्याच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला, मी अंगणात उभी. त्यानं विचारलं, "कशी दिसायची तुझी आई? सगळं सांग."

मी सगळं सांगितलं. हसली की तोंड किती मोठं व्हायचं. पुढचे दोन दात कसे पडले होते. हनुवटीवर गोंदण होतं. थाप कशी मारायची. सांगता सांगता मला रडू आलं, तर तो म्हणाला, "रडू नको. बघ, तुझी आई हुबेहूब उभी करतो." किती बरं वाटलं होतं मला.

मग मी चकरा मारत राहिले. आज नाही, उद्या ये. त्या दिवशी गेले तर गडी म्हणाला, चित्रं तिकडं वाचनालयात लावलीत, तिकडंच जा.

आता भिंतीवर मी बघत होते. मी सांगितलेलं सगळं त्यात होतं. काही म्हणता काही विसरला नव्हता तो. जे जे मी जीव लावून सांगितलं, ते ते त्यानं हसण्यासाठी वापरलं.

तो तिथंच उभा होता. त्याचं माझ्याकडं लक्ष गेलं. चेहरा खुलला त्याचा. "अगं, ये ये! बघा मंडळी, हीच ती कवयित्री."

सगळी वळली. हसू तोंडावर तसंच.

मी म्हणाले, "हे काय काढलंत?"

"का? तूच म्हणालीस ना, हसरी पाहिजे? सगळे हसतायत बघ."

"मी म्हणले व्हते, माय हसली पाहिजे. मायला हसा, असं नव्हतं म्हणले."

"अगं, गंमत असते ती. व्यंगचित्र म्हणतात त्याला. तुला नाही कळायचं."

  बाळंतपणात लेकराचं डोकं अडलं की माय सांगायची ते करते मी. आधी श्वास घेते. घेतला.

"हे लेकरू कुणाचं?"

"कुणाचंही."

"कुणाचंही कसं? तुम्हीच व्हय ते. उलटे आले व्हते तुम्ही, पाय आधी. तुमची आई गेलीच असं समदे म्हणत व्हते. माझ्या मायनं दोघांना वाचवलं. पायाळू हायेत तुम्ही. इचारा घरी जाऊन."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ह्या वेळी त्याला हसलं. एवढंच झालं आणि त्याची सगळी गंमत संपली. तोंड लालबुंद.

"बाहेर हो! मांगीण ती मांगीणच. चार अक्षरं शिकली म्हणून वाचनालयात घुसते! बाहेर हो आधी!"

मी बाहेर झाले नाही. भिंतीकडं निघाले. मघाशी वाचणारे गृहस्थ मध्ये होते. ते धोतर सावरत पटकन बाजूला झाले. त्यांच्या मागचे दोघंही झाले. सगळी खोलीच भिंतीला चिकटली. तेव्हा लख्ख कळलं मला. मला अडवायचं तर मला शिवावं लागलं असतं. तेवढी हिंमत तिथं एकातही नव्हती. जन्मभर ज्या विटाळानं मला कडेला उभं केलं, त्याच विटाळानं मला भर खोलीत वाट करून दिली.

मी कागदाचा खालचा भाग धरला आणि कविता फाडून घेतली. त्यानं दिलेलं नावही फाडलं.

"चित्र तुमचं, ठेवा. शब्द माझे हायेत."

दवाखान्यात तक्रार माझ्या आधी पोचली. वकिलांचा शब्द होता तो. डॉक्टर साहिबांनी सांगितलं, त्यांच्या घरी जाऊन माफी माग, नाही तर कामावर येऊ नको. थोरली नर्स हलीमाआपा माझ्यावर जीव टाकायची. तिनं मला बाजूला घेतलं.

"अगे, दो बोल बोल दे ना. तेरा क्या जाता?"

"माझी माय जाती, आपा."

"तेरी माय तो गई बेटा. अब नौकरी जाती."

मी वकिलांच्या घरी गेले. माफी मागायला नाही. त्या धाकट्याच्या आईला भेटायला. वकिलीणबाई ओट्यावर आल्या. मला ओळखलं त्यांनी. मी म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या मायचा हात धरून तीन बाळंतपणं काढली. तुम्ही सांगा तुमच्या लेकाला, माझी माय कशी हसायची ते."

बाईंचे डोळे भरले. खरंच भरले. आत कुणाचा तरी खाकरण्याचा आवाज आला. तशी त्यांनी पदर सावरला.

"तुझी आई देवमाणूस होती गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण तू आता माफी माग आणि मोकळी हो."

त्या पोरापेक्षा मला बाईंचाच राग जास्त आला. आजही येतो. त्याला काहीच माहीत नव्हतं. ह्यांना सगळं माहीत होतं. माझ्या मायच्या हसण्याला त्या लोकांत एकच साक्षीदार होती आणि ती डोळ्यांत पाणी आणून गप्प बसली. असलं पाणी काय चाटायचं?

मी माफी न मागता परत आले. नोकरी गेली. भाऊ वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. म्हणायचा, एका कागदापायी घर उपाशी घातलंस. त्याचंही खोटं नव्हतं. मायचं चित्र कधी निघालं नाही. मी पुन्हा कुणाला सांगितलंही नाही. ज्यांना आमचं तोंड कधी नीट बघावंसं वाटलं नाही, त्यांच्या कुंचल्याकडं मी माझी माय पुन्हा नेणार नाही.

हात मात्र माझे होते. मी घरोघरी बाळंतपणं करायला लागले. आमच्या वस्तीत, मग मुसलमानांच्या मोमीनपुऱ्यात. हळूहळू मोठ्या घरांतूनही बोलावणं यायला लागलं. अवघड बाळंतपण असलं की जात मागं पडते, तेवढ्यापुरती.

म्हणून मी दिवस भरायच्या आधीच त्यांच्या दारात जाऊन सांगते. माझ्या मायला तुम्ही मागच्या परसदारानं आत घेत होता. मी पुढच्या दारानं येईन. पुढच्याच दारानं जाईन. मला माझ्या नावानं हाक मारायची. आणि माझ्या मागं घर धुणार असाल, तर आत्ताच सांगा. अजून वेळ आहे.

दुसरी दाई बघा.